स्वयंपाकघरातला आर्क-फॉल्ट ब्रेकर काढून साधा बसवावा का?

मेघना_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ २०१९ साली बांधलेले एक घर आम्ही गेल्या वर्षी विकत घेतले. गराजमधल्या पॅनेलमध्ये वीस ब्रेकर आहेत आणि त्यांतल्या बारांवर एक छोटे बटण व त्याच्या शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा आहे. हे बारा आर्क-फॉल्ट ब्रेकर आहेत, म्हणजे तारेत ठिणगी उडत असल्याचे ओळखून वीज तोडणारे. यांच्यामुळे आग टळते असे सगळे सांगतात. आमच्या घरात मात्र त्यांनी वर्षभर नुसता त्रास दिला आहे, आणि तो त्रास कशाचा हे कोणी धड सांगत नाही.

पहिला त्रास स्वयंपाकघरातला. सासूबाईंनी दिलेला ७५० वॅटचा मिक्सर मी पुण्याहून आणला असून तो स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरवर चालतो. ओल्या खोबऱ्याचे वाटण करायला घेतले आणि बटण तीनवर नेले की तीन-चार सेकंदांत ओट्यावरची वीज जाते. मग हात पुसून गराजमध्ये जायचे, दांडी आधी पूर्ण खाली ओढायची आणि नंतर वर करायची. दुसरा त्रास याहून गंभीर आहे. वडील सध्या आमच्याकडे आहेत आणि त्यांना झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावावे लागते. त्यांच्या खोलीचा ब्रेकर गेल्या दोन महिन्यांत पाच वेळा रात्री पडला. खोलीत त्या वेळी ते यंत्र, एक दिवा आणि थंडीत लावलेला हीटर एवढेच चालू होते.

इथल्या एका इलेक्ट्रिशियनने पाहणी केली आणि "हे सगळेच ब्रेकर असे असतात, काढून साधे टाकतो, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे काम आहे" असे सांगितले. नवरा तयार आहे, माझे मन घेत नाही. या ब्रेकरांचे खरे तोटे कोणते, आणि ते काढण्याइतके मोठे आहेत का, हे जाणकारांनी सांगावे.

शार्लटचा_मंदार

मेघनाताई, आमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर लावला की हॉलचा ब्रेकर पडत असे. वर्षभर सोसले आणि मग ब्रेकर बदलून साधा बसवून घेतला. त्यानंतर चार वर्षे सुखात आहोत.

निवृत्त_अभियंता

मंदार, चार वर्षे आग लागली नाही यावरून ब्रेकर निरुपयोगी होता असे ठरत नाही, आणि तो पडत होता यावरून तो उपयोगी होता असेही ठरत नाही. वीजवितरण आणि संरक्षण यंत्रणेत मी चौतीस वर्षे काम केले आहे, म्हणून या उपकरणाला नेमके काय कळते आणि काय कळत नाही ते सविस्तर लिहितो.

साध्या ब्रेकरला दोनच गोष्टी समजतात. प्रवाह बराच वेळ मर्यादेपेक्षा जास्त राहिला तर त्यातली द्विधातूची पट्टी तापून वाकते, आणि शॉर्टसर्किट झाले तर चुंबक झटक्यात दांडी पाडतो. पण तार अर्धवट तुटून त्या फटीत ठिणगी नाचत असेल, तर प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. साध्या ब्रेकरच्या दृष्टीने तिथे सगळे ठीक असते. आर्क-फॉल्ट ब्रेकरमध्ये एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलेले असते. ते प्रवाहाची लहर सतत पाहते आणि तिच्यात उच्च वारंवारतेची खरखर आहे का, प्रत्येक अर्धचक्रात शून्याजवळ प्रवाह क्षणभर थबकतो का, अशा खुणा शोधते. खुणा पुरेशा वेळा दिसल्या की ते ठिणगी आहे असा निष्कर्ष काढून वीज तोडते.

पहिला तोटा इथेच जन्मतो. ठिणगीच्या या खुणा निरोगी उपकरणांतही असतात. कार्बन ब्रशवर चालणाऱ्या प्रत्येक मोटरीत, म्हणजे मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर आणि शिवणयंत्र यांत, फिरणाऱ्या कॉम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, ब्रश घासताना बारीक ठिणग्या उडतच असतात. चालू मिक्सरच्या तळाच्या जाळीतून अंधारात पाहिले तर निळसर चमक दिसते, ती हीच. दिव्यांचे डिमर दर अर्धचक्रात लहर कापतात, तेव्हा तिथेही प्रवाह थबकतो. अशा वेळी ब्रेकरला जणू माणसे ओळखायला सांगितली आहेत, पण चेहरा न दाखवता केवळ पावलांच्या आवाजावरून.

मेघनाताईंच्या मिक्सरचा हिशेब पाहा. ७५० वॅट भागिले १२० व्होल्ट म्हणजे सव्वासहा अँपिअर, शिवाय ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा खर्च. अमेरिकेतल्या यूएल १६९९ या मानकानुसार 'कॉम्बिनेशन' प्रकारच्या ब्रेकरने ५ अँपिअर व त्यावरच्या प्रवाहातली मालिका-ठिणगी, म्हणजे एकाच तारेच्या तुटलेल्या फटीतली ठिणगी, ओळखली पाहिजे. म्हणजे हा मिक्सर ब्रेकर जिथे पहारा देतो नेमक्या त्याच टापूत काम करतो.

मेघना_ऑस्टिन

काका, आपण इतके समजावून लिहिलेत, मनापासून आभार. मग ५ अँपिअरच्या खालच्या ठिणगीचे काय होते?

निवृत्त_अभियंता

ती ओळखण्याचे बंधन त्याच्यावर नाही, आणि हा दुसरा तोटा. १२० व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ६०० वॅट. पलंगाशेजारचा दिवा, फोनचा चार्जर आणि दूरचित्रवाणी संच यांतले काहीही एकेकटे तेवढे घेत नाही. पलंगाच्या पायाखाली चिरडलेल्या टेबललँपच्या वायरचे चित्र दाखवून हे ब्रेकर विकले जातात. त्या वायरीत फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडून मोठा प्रवाह उसळला तर ब्रेकर ते पाहील, पण एकच तार तुटून दिव्याच्या अर्ध्या अँपिअरवर ठिणगी उडत राहिली तर तो पाहीलच अशी खात्री नाही.

यात पदार्थविज्ञानाची एक बाजूही आहे. हवेत केवळ व्होल्टेजच्या जोरावर ठिणगी उडायला, फट कितीही लहान असली तरी, किमान सुमारे ३२७ व्होल्ट लागतात. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या लहरीचे शिखर १७० व्होल्टवर थांबते. त्यामुळे तिथे ठिणगी सहसा दोनच मार्गांनी टिकते. एक तर जोडलेली तार हलून सुटत असते, किंवा इन्सुलेशन जळून कोळशाचा मार्ग तयार झालेला असतो. भारतात आणि युरोपात २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते, म्हणून तिथे ठिणगी पुन्हा पेटणे तुलनेने सोपे असते. हे उपकरण सक्तीचे करण्याची सुरुवात मात्र १२० व्होल्टच्या देशात झाली, याकडे मी आवर्जून लक्ष वेधतो.

गौरी_सिॲटल

मला इथे ठाम विरोध नोंदवायचा आहे. आमच्या मुलीच्या खोलीत आम्ही भिंतीवर चौकट टांगण्यासाठी खिळा ठोकला. इथल्या भिंती म्हणजे लाकडी खांब आणि त्यांवर जिप्समचा पातळ पत्रा. आत केबल उघडीच धावते, आपल्याकडच्यासारखी विटेच्या भिंतीतल्या पीव्हीसी पाइपातून नाही. खिळा ठोकला त्या दिवशी काहीच झाले नाही. तीन आठवड्यांनी त्या खोलीचा ब्रेकर पडू लागला आणि वर केला की लगेच पुन्हा पडे. इलेक्ट्रिशियनने पत्रा कापून केबल बाहेर काढली, तेव्हा खिळ्याजवळचे पांढरे आवरण बोटभर लांबीत काळे पडले होते आणि शेजारच्या लाकडी खांबावर तपकिरी डाग उमटला होता. तो डाग मी स्वतः बोटाने चाचपून पाहिला आहे. मंदार, तुमच्याकडे साधा ब्रेकर आहे, तर निदान भिंतीत खिळे ठोकताना जपा.

तारतंत्री_नाशिक

गौरीताई, तुमचा अनुभव अगदी खरा आहे आणि असे दोष पकडण्यासाठीच ते उपकरण आहे. मी आयटीआयमधून तारतंत्रीचा अभ्यासक्रम केला आणि गेली बावीस वर्षे नाशिकमध्ये घरांची वायरिंग करतो. आमच्याकडे आर्क-फॉल्ट उपकरणे फार थोड्या ठिकाणी बसतात, पण जळालेले बोर्ड मी शेकड्याने पाहिले आहेत, म्हणून एक गोष्ट सांगतो.

घरात जे जळते ते बहुतेक वेळा ढिल्या स्क्रूपाशी जळते. गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेट उघडला की न्यूट्रलच्या टर्मिनलजवळचे प्लॅस्टिक पिवळे पडून फुगलेले असते, तारेचे टोक काळे आणि ठिसूळ झालेले असते, आणि घरच्यांना विचारले तर "थोडा वास यायचा" एवढेच उत्तर मिळते. तिथे फटफट ठिणगी उडत नाही. जॉइंट शांतपणे तापतो. आर्क-फॉल्ट ब्रेकर हे पकडतो का, हे मला निवृत्त अभियंता साहेबांना विचारायचे आहे.

निवृत्त_अभियंता

तारतंत्री, तुम्ही नेमक्या वर्मावर बोट ठेवलेत. पकडत नाही. ढिल्या जॉइंटमध्ये तांब्याच्या ऑक्साइडचा बारीक मणी तयार होतो आणि तो लालबुंद होऊन विजेला वाट देत राहतो. त्याच्यातून प्रवाह गुळगुळीत जातो, त्यात खरखर नसते, मग ब्रेकरला ऐकू येण्यासारखे काही उरत नाही. अशा जॉइंटवर केवळ ३ व्होल्ट पडत असतील आणि १० अँपिअर जात असतील, तरी ३० वॅट उष्णता त्या एका बिंदूत साठते. आपण सोल्डरिंगसाठी वापरतो ती इस्त्री २५ वॅटची असते. भिंतीतल्या डब्यात तशी एक इस्त्री तासन्‌तास चालू ठेवली आहे अशी कल्पना करा.

पुढे तो जॉइंट जळून सुटू लागला आणि ठिणग्या उडू लागल्या, तर ब्रेकर जागा होईल, पण तोवर लाकूड किंवा प्लॅस्टिक किती तापले असेल ते नशिबावर आहे. म्हणून या ब्रेकरला आगीविरुद्धचा संपूर्ण विमा समजणे हाच मला त्याचा सर्वांत धोकादायक तोटा वाटतो. तो बसवला म्हणजे स्क्रू आवळून घेण्याची गरज संपली, असे घरमालकाला वाटू लागते.

लेस्टरची_सई

इंग्लंडमध्ये याला एएफडीडी म्हणतात. इथल्या बीएस ७६७१ या वायरिंग नियमावलीच्या २०२२ च्या दुसऱ्या दुरुस्तीने उंच निवासी इमारती, अनेक कुटुंबे भाड्याने राहतात ती घरे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि वृद्धांची काळजीगृहे एवढ्या ठिकाणी ३२ अँपिअरपर्यंतच्या सॉकेट सर्किटांसाठी ते सक्तीचे केले आहे. इतर घरांसाठी केवळ शिफारस आहे. आमचे घर भाड्याने देण्याच्या निमित्ताने मी चौकशी केली, तेव्हा साध्या एमसीबीच्या कित्येक पट किंमत ऐकून थक्क झाले.

पण मला किमतीपेक्षा एक तांत्रिक शंका जास्त सतावते. इथे सॉकेटची वायरिंग बहुधा 'रिंग' पद्धतीची असते, म्हणजे तार बोर्डापासून निघून सगळे सॉकेट फिरून पुन्हा बोर्डात परत येते. मग रिंगमध्ये एका ठिकाणी तार तुटली तर प्रवाह दुसऱ्या बाजूने जाईल. तिथे ठिणगी उडणारच नाही, मग उपकरण पाहणार काय?

निवृत्त_अभियंता

सई, शंका रास्त आहे. रिंगच्या मुख्य तारेत तुटलेल्या जागी मालिका-ठिणगी टिकणे अवघड असते, कारण शेजारची वाट मोकळी असते. मात्र त्यामुळे सगळा भार उरलेल्या एका बाजूवर येतो आणि ती बाजू जास्त तापू शकते, हा वेगळाच धोका आहे आणि तोही या उपकरणाला दिसत नाही. सॉकेटपासून पुढे उपकरणाच्या दोरीत जे घडते ते मात्र त्याला दिसते.

स्टुटगार्टवासी

जर्मनीत २०१६ च्या नियमाने बालवाड्या आणि वृद्धाश्रमांतल्या झोपण्याच्या खोल्या, लाकडी बांधकामे अशा ठिकाणी हे उपकरण बंधनकारक झाले होते. २०१९ मध्ये ती सक्ती सैल करून धोक्याचे मूल्यमापन करावे आणि त्यावरून ठरवावे अशी भूमिका घेतली गेली. सरसकट सक्तीपेक्षा मला ही पद्धत अधिक पटते.

हॅमकाका_सॅन_होजे

मी हौशी रेडिओचालक आहे आणि माझा अनुभव कोणत्याही मिक्सरपेक्षा विचित्र आहे. मी १४ मेगाहर्ट्झवर शंभर वॅटने प्रक्षेपण सुरू केले की माझ्या खोलीचा नव्हे, तर घराच्या दुसऱ्या टोकाच्या झोपण्याच्या खोलीचा ब्रेकर पडत असे. भिंतीतली केबल अँटेनासारखी वागून माझी लहर पॅनेलपर्यंत नेत होती आणि ब्रेकरला ती ठिणगीची खरखर वाटत होती. एकदा शेजाऱ्यांच्याही घरातली वीज गेली, तेव्हा मला फार अवघडल्यासारखे झाले.

ही केवळ माझी तक्रार नाही. अमेरिकेतल्या रेडिओचालकांच्या एआरआरएल या संघटनेच्या प्रयोगशाळेने २०१३ च्या सुमारास एका उत्पादकाबरोबर बसून हा दोष तपासला आणि त्या उत्पादकाने सुधारित ब्रेकर आणला. तो बसवल्यावर माझा प्रश्न मिटला. सांगायचा मुद्दा असा की जुन्या पिढीचे आणि नव्या पिढीचे ब्रेकर यांत बराच फरक आहे. मेघना, तुझ्या ब्रेकरच्या बाजूला उत्पादनाची तारीख छापलेली असेल, ती पाहून घे.

शार्लटचा_मंदार

हॅमकाका, मुद्दा मान्य आहे, पण यात ग्राहकाची कोंडी आहे. पॅनेल ज्या कंपनीचे असेल त्याच कंपनीचा मान्यताप्राप्त ब्रेकर त्यात बसवावा लागतो. दुसऱ्या कंपनीचा ब्रेकर चांगला आहे असे कळले तरी उपयोग नाही. शिवाय साधा ब्रेकर पाच-दहा डॉलरला मिळतो आणि हा चाळीस-पन्नासच्या घरात जातो. बारा ब्रेकर बदलायचे म्हटले तर नुसत्या सामानाचे पाच-सहाशे डॉलर होतात, मजुरी वेगळी.

गौरी_सिॲटल

पाच-सहाशे डॉलर खर्च मोठा आहे हे मान्य, पण त्यामागे लेकीची खोली आहे हे मी विसरू शकत नाही.

देवदत्त_टोरांटो

आमचे नुकसान वेगळ्या प्रकारचे झाले, म्हणून लिहितो. डिसेंबरमध्ये तीन आठवडे आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. तळघरातला डीप फ्रीझर ज्या सर्किटवर होता, तिथे आर्क-फॉल्ट ब्रेकर आहे. आम्ही निघाल्यावर केव्हातरी तो पडला. परत आलो तेव्हा दार उघडण्याआधीच काय झाले असेल ते कळले. साध्या ब्रेकरचे असे आहे की तो पडला तर बहुधा काहीतरी खरेच बिघडलेले असते. हा ब्रेकर कधी खऱ्या कारणाने आणि कधी भासाने पडतो, आणि आपण घरी नसलो तर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. फ्रीझर, पाणी उपसणारा पंप आणि वैद्यकीय यंत्र यांच्याबाबतीत हा फार मोठा तोटा आहे. मेघनाताई, तुमच्या वडिलांच्या यंत्राला आजच्या आज बॅटरीचा आधार द्या, ब्रेकरचे काय करायचे ते नंतर ठरवा.

मेघना_ऑस्टिन

देवदत्त, तुमचा सल्ला वाचताच बॅटरी मागवली. ती उद्या येईल.

तारतंत्री_नाशिक

आमच्याकडची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण रोग तोच आहे. आपल्याकडे ईएलसीबी, म्हणजे हल्लीचा आरसीसीबी, जमिनीकडे होणारी विजेची गळती ओळखून माणसाचा जीव वाचवतो हे सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली किंवा जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल बोर्डात एकत्र पिळलेले असले की तो वारंवार पडतो. दोन-तीन वेळा पडला की घरमालक वायरमनला बोलावतो आणि म्हणतो, "दादा, हे डायरेक्ट करून टाका." पाच मिनिटांत दोन तारा जोडल्या जातात, डब्बा जागेवर दिसत राहतो आणि संरक्षण संपते. अशी 'डायरेक्ट' केलेली घरे मी उघडली आहेत. एका घरात तर वॉशिंग मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावल्यावर तो ठळक पेटला आणि त्या घरात दोन लहान मुले होती.

त्यामुळे मंदारदादांनी ब्रेकर काढला याचा मला राग येत नाही, भीती वाटते. जे उपकरण विनाकारण त्रास देते ते फार काळ जागेवर राहत नाही. म्हणून उगाच पडणे हा किरकोळ गैरसोयीचा मुद्दा समजू नये.

निवृत्त_अभियंता

तारतंत्रींच्या या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. संरक्षणाच्या क्षेत्रात आम्ही रिलेकडून, म्हणजे दोष ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाकडून, दोन गोष्टींची अपेक्षा करायचो. दोष असताना त्याने पडलेच पाहिजे आणि दोष नसताना पडता कामा नये. दुसरी अपेक्षा पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने १९९९ च्या आवृत्तीत हे ब्रेकर आणले आणि १ जानेवारी २००२ पासून झोपण्याच्या खोल्यांच्या आउटलेटना लागू केले. तेव्हाचे ब्रेकर मुख्यतः ७५ अँपिअरच्या वरच्या समांतर ठिणग्या, म्हणजे दोन तारांच्या मधल्या ठिणग्या, पाहत होते. मालिका-ठिणगी पाहणारा कॉम्बिनेशन प्रकार २००८ पासून आवश्यक झाला, २००८ च्या आवृत्तीने तो बैठकीच्या व जेवणाच्या खोल्यांपर्यंत नेला आणि २०१४ च्या आवृत्तीने स्वयंपाकघर व कपडे धुण्याची जागाही त्यात घेतली. ज्या खोलीत सर्वाधिक ब्रशच्या मोटरी चालतात, तिथे ठिणगी ओळखणारे उपकरण सर्वांत शेवटी पोहोचले, आणि तक्रारी वाढणार हे तेव्हाच दिसत होते.

आता मेघनाताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रेकर काढण्याआधी तो का पडतो ते शोधायला हवे. बऱ्याच ब्रेकरमध्ये दिव्याच्या उघडझापीवरून शेवटच्या वेळी पडण्याचे कारण वाचता येते. किती उघडझापींचा अर्थ काय, ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या कागदावर किंवा माहितीपत्रकात असते. दुसरे म्हणजे वडिलांच्या खोलीचा ब्रेकर आणि शेजारच्या खोलीचा तसाच ब्रेकर यांची अदलाबदल करून घ्या. त्रास ब्रेकरबरोबर गेला तर ब्रेकर खराब आहे. त्रास त्याच खोलीत राहिला तर दोष तारेत किंवा उपकरणात आहे. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, कारण मेन बंद केल्यावरही पॅनेलमध्ये येणाऱ्या तारा जिवंतच असतात. इन्सुलेशन मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन ते तपासणाऱ्या मीटरने, तपासणार असाल तर तो ब्रेकर आधी सर्किटमधून सोडवायला सांगा, नाहीतर त्याचे इलेक्ट्रॉनिक्स जाईल.

लेस्टरची_सई

काका, दर सहा महिन्यांनी त्याचे बटण दाबून पाहिले तर ते ठीक आहे असे समजायचे ना?

निवृत्त_अभियंता

बटण दाबल्यावर आतले सर्किट आणि दांडीची यंत्रणा चालते एवढे कळते. प्रत्यक्ष तारेतली ठिणगी ते ओळखेल का, याची परीक्षा त्यातून होत नाही. बटण जरूर दाबा, पण त्याचा अर्थ तेवढाच घ्या.

मेघना_ऑस्टिन

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. आधीच्या इलेक्ट्रिशियनला न बोलावता दुसऱ्याला बोलावले आणि काकांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्याच्याकडून करून घेतल्या.

वडिलांच्या खोलीच्या ब्रेकरच्या दिव्याने ठिणगी नव्हे, तर जमिनीकडे गळती असे कारण दाखवले. आमचा ब्रेकर गळतीही पाहणाऱ्यांपैकी आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. अदलाबदल केल्यावरही त्रास त्याच खोलीत राहिला. मग त्याने एकेक आउटलेट उघडला. पलंगाच्या डोक्याशी असलेल्या तिसऱ्या आउटलेटच्या डब्यात तांब्याची उघडी अर्थ तार घडी घालून कोंबलेली होती आणि न्यूट्रलच्या स्क्रूला जेमतेम टेकत होती. स्क्रूच्या कडेला नखाएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. पलंग भिंतीकडे सरकला आणि हीटरचा प्लग किंचित दाबला गेला की ती तार स्क्रूला लागत असे, मग परत येणारा काही प्रवाह अर्थमधून जाई आणि ब्रेकर पडे. २०१९ पासून ते तसेच होते. साधा ब्रेकर बसवला असता तर तो कधीच पडला नसता आणि ती तार तिथेच राहिली असती. त्याने तार सरळ करून बाजूला वळवली, सगळे स्क्रू आवळले आणि तेव्हापासून ब्रेकर एकदाही पडलेला नाही.

स्वयंपाकघरातले कारण मात्र दिव्याने मालिका-ठिणगी असे दाखवले, आणि तारेत काहीही सापडले नाही. मिक्सर उघडला तर एक कार्बन झिजून त्याची स्प्रिंग जवळजवळ कॉम्युटेटरला टेकली होती. बारा वर्षांचा मिक्सर आहे. इथल्या भारतीय दुकानदाराकडून कार्बनची जोडी मिळाली, ती बसवली. त्यानंतर वाटण करताना ब्रेकर पडणे रोजच्यावरून आठवड्यातून एकदावर आले.

तारतंत्री_नाशिक

ताई, कार्बन बदलल्यावर पहिले काही दिवस ते कॉम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत ठिणगी थोडी जास्तच उडते. रिकाम्या भांड्याने एकच्या वेगावर दोन-दोन मिनिटे चार-पाच वेळा चालवा. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्या, पण त्याच्या फटींत तांब्याची पूड राहू देऊ नका.

शार्लटचा_मंदार

मेघनाताई, तुमची अर्थ तार वाचून मी शनिवारी हॉलमधले सहाही आउटलेट उघडून घेतले. दोनांत तारा मागच्या छिद्रात नुसत्या खुपसलेल्या होत्या आणि एक ओढताच हातात आली. त्या स्क्रूखाली घेऊन घट्ट केल्या आहेत. हॉलचा ब्रेकर आता नवीन पिढीचा आर्क-फॉल्टच बसवणार आहे आणि व्हॅक्यूम क्लीनरवर तो कसा वागतो ते इथे लिहीन.

देवदत्त_टोरांटो

मंदार, अवश्य लिहा. मी फ्रीझरशेजारी वीज गेल्यावर फोनवर सूचना पाठवणारा एक छोटा सेन्सर बसवला आहे. त्याची स्वतःची बॅटरी आहे आणि घराचा वायफाय राउटर दुसऱ्या सर्किटवर आहे, हे मुद्दाम पाहून घेतले.

मेघना_ऑस्टिन

तारतंत्री दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मिक्सर रिकामा चालवला आणि कॉम्युटेटरही साफ करून घेतला. काल कोथिंबीर, मिरची आणि ओल्या नारळाची चटणी तीनच्या वेगावर पूर्ण वाटली आणि ओट्यावरची वीज गेली नाही. ब्रेकर काढणार नाही. उरलेल्या खोल्यांचे आउटलेट उघडून पाहण्यासाठी त्याच इलेक्ट्रिशियनला पुढच्या गुरुवारी बोलावले आहे.